माझ्यावाचून अडणारं मशीन

तीर्थस्वरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे अक्षरशः. कंबर अशी धरली आहे की वाकून पाया पडणं शक्य नाही. एकदम आडवं व्हायचं नाहीतर सरळ उभं राहायचं, असे दोनच प्रकार सध्या जमतात. का धरली ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना पायऱ्या मोजू नकोस, मोजल्या की जास्त दुखतं, हे तूच मला सांगितलं होतंस आणि तूच मोजतेस. काकांची उचकी थांबली का, की अजून शेजारीपाजारी येऊन त्यांना दचकवून जातात? आणि तुझं शिलाई मशीन काय म्हणतं? त्यातून काही वेगळा आवाज येत असेल तर जरूर कळव, कारण मी हल्ली कुठल्याही मशीनचा आवाज ऐकून गंभीरपणे मान हलवू शकते. (कारण सांगू शकते असं मी म्हटलेलं नाही. मान हलवू शकते. आमच्या धंद्यात सुरुवात तिथूनच होते.) इकडे आई बरी आहे, मी बरी आहे, आणि बाबा तर इतके बरे आहेत की काळजी वाटावी.

मागच्या पत्राच्या वेळी मी नुकतीच शिकाऊ उमेदवार म्हणून लागले होते आणि मला एवढंच माहीत होतं की हा कपडे धुवायच्या पावडरीचा कारखाना आहे आणि तिथे शिंका फार येतात. आता सहा महिने झाले. आत्या, काय सांगू तुला! इथे एक भिंतभर कपाट आहे, त्याला पॅनल म्हणतात. ते उघडलं की आत नुसत्या तारा, शेकड्यांनी, पण प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबराची बारीक नळी घातलेली आणि सगळ्या अशा शिस्तीत वळवलेल्या की तुझ्या दोऱ्यांच्या डब्याने मान खाली घालावी. (तुझा डबा मी पाहिलेला आहे.) मधोमध वहीएवढा एक राखाडी खोका, त्याला पीएलसी म्हणतात, तो सगळ्यांचा मेंदू. पट्टा कधी चालवायचा, खोकं कधी भरायचं, कधी चिकटवायचं, कधी भोंगा वाजवायचा, सगळं तो ठरवतो. आणि त्याने काय ठरवायचं ते आपण आधी लिहून ठेवलेलं असतं! पहिला प्रोग्रॅम मला एवढाच लिहायचा होता की हिरवं बटण दाबलं की दिवा लागावा आणि लाल दाबलं की विझावा. माझा दिवा बटण न दाबताच लागला आणि काही केल्या विझेना. शेवटी अख्ख्या कपाटाची वीज घालवावी लागली. पण लागला ना, आत्या! मी लिहिलेलं काहीतरी त्या खोक्याने ऐकलं! त्या दिवशी जेवताना मी चार वेळा हात वाळवत ती हकीगत सांगितली. चौथ्यांदा आई म्हणाली, तुझा दिवा लागला, आता आमटी संपव.

मला शिकवतात त्या पॅनलवाल्या बाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर असेल, पण कारखान्यात त्यांना सगळे पॅनलवाल्या बाईच म्हणतात. बोलायचा त्यांना कंटाळा. काम पसंत पडलं तर ‘हं’ म्हणतात आणि नाही पडलं तर ‘हं?’ म्हणतात, आणि त्या दुसऱ्या हुंकारानंतर माणूस आपण होऊन सगळं उसवून पहिल्यापासून करायला घेतो. माझ्याबरोबरचा दुसरा शिकाऊ तुझ्याच गावचा आहे. सव्वासहा फूट उंच, त्यामुळे त्याला खांब म्हणतात. मला काय म्हणतात ते मी तुला सांगणार नाही, पण माझी उंची तुला माहीत आहे. आणि आमच्या लाइनचे फोरमन. तीस वर्षं झाली त्यांना इथे, ते बोलतात त्याला इतर लोक ओरडणं म्हणतात. एवढीच माणसं लक्षात ठेव, बाकीची तुला लागणार नाहीत.

आता बाबा. तुझ्या दादाला तू माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस. त्यांनी जन्म कचेरीत काढला, त्यामुळे टेबल, खुर्ची आणि डोक्यावर पंखा असेल तरच ते काम, बाकी सगळी धडपड. मी इथे लागले तेव्हा ते ‘नको’ म्हणाले नाहीत. ‘नको’ म्हणाले असते तर मी भांडले असते. ते नुसते म्हणाले, ‘बघ.’ या ‘बघ’शी कसं भांडायचं? मग पाच महिने रोज संध्याकाळी मी दारात आले की चष्मा वर करून माझी बोटं मोजायचे, दहा भरली की परत पेपरात डोकं घालायचे. काय शिकलीस, काय केलंस, एक अक्षर नाही. मी पॅनलचं सांगायला लागले की त्यांना नेमकी झोप यायची. मला राग यायचा असं म्हणते मी सगळ्यांना, पण तुला खरं सांगते, वाईट वाटायचं. खूप वाईट वाटायचं.

तर तीन आठवड्यांपूर्वी कारखान्यात तीन नंबरची नवी कोरी लाइन बसली आणि पॅनलवाल्या बाईंनी मला लेबलं छापायचं छोटं मशीन हातात दिलं. म्हणाल्या, सगळ्यावर नाव पाहिजे, परका माणूस आला तरी त्याला विचारावं लागू नये. एवढं सांगून त्या पंधरा दिवस आमच्याच दुसऱ्या कारखान्यात निघून गेल्या. आत्या, ते लेबल मशीन म्हणजे काय सुख आहे! अक्षरं दाबायची, कर्र आवाज करून पट्टी बाहेर येते, पाठचा कागद सोलायचा आणि चिकटवायची. मी मोटरीवर ‘मोटर’ लावलं, फ्यूजवर ‘फ्यूज’ लावलं, दारावर ‘दार’ लावलं. पॅकिंगच्या मावशींच्या थर्मासवर ‘मावशींचा चहा’ लावलं. फोरमनच्या खुर्चीवर नुसतं ‘खुर्ची’ लावलं (पुढे काय लावायचं याचा विचार चालू असताना ते आले). खाली बारीक अक्षरांत तारीख आणि माझी आद्याक्षरं, कारण बाई म्हणतात केलेल्या कामाची जबाबदारी घ्यावी. संध्याकाळपर्यंत त्या लाइनवर एकही वस्तू बिननावाची उरली नाही. मी लांब उभी राहून पाहिलं आणि मला माझाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवसापासून लाइन रुसली. चालता चालता मध्येच पट्टा थांबायचा, भोंगा वाजायचा आणि पडद्यावर यायचं: ‘खोकं अडकलं’. जाऊन बघावं तर कुठे काही अडकलेलं नाही, खोकी आपली शहाण्यासारखी रांगेत उभी. फोरमन पडद्यावर ओरडायचे, पडद्याला काही वाटायचं नाही. मग दुरुस्तीच्या माणसांना बोलवायचं. ते यायचे, त्यांची हत्यारांची पिशवी उचलून मागून मी यायचे, त्यांना बॅटरी दाखवायला पलीकडच्या कठड्याला रेलून उभी राहायचे, आणि लाइन सुरू! अर्धा तास बघितलं तरी एकदाही थांबायची नाही. ते म्हणायचे, काही बिघाड नाही, उगाच बोलावता. पिशवी आवरायची, आम्ही निघायचो, जिन्यापर्यंत पोचायच्या आत भोंगा. असं दिवसातून पाच-पाच वेळा. फोरमनचा आवाज बसला, तेव्हा कारखान्यात पहिल्यांदा लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू आलं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं मावशींच्या. त्या म्हणाल्या, अहो, ही पोरगी आली की चालतं आणि गेली की बंद पडतं, मी कधीची बघतेय. फोरमन हसले. मग म्हणाले बघू तरी, ये गं इकडे. मी कठड्याला रेलून उभी राहिले. लाइन चालू. म्हणाले, आता बाजूला हो. मी झाले. एक, दोन, तीन, भोंगा. परत उभी राहिले. चालू. आता खांबाला उभं केलं. बंद! स्वतः फोरमन उभे राहिले. बंद! मावशी राहिल्या. बंद! मी राहिले. चालू! आत्या, तीस वर्षं ग्रीसशिवाय कशावरही विश्वास न ठेवलेला तो माणूस माझ्याकडे असा काही बघायला लागला की मला कसंतरीच झालं. पण कसंतरीच होणं आणि अंगावर मूठभर मांस चढणं या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला तेव्हा कळलं.

मग काय विचारतेस! दुपारच्या आत मी उभी राहत होते तिथे खडूने गोल काढला. दुसऱ्या दिवशी तो पिवळ्या रंगाने रंगवला. (त्यावर मी ‘गोल’ असं लेबल लावलं. सवय.) माझा चहा तिथे, माझं बिस्किट तिथे, मावशी येता-जाता विचारणार, बाळा पाय दुखत नाहीत ना. मला जरा आत जाऊन यायचं असलं की फोरमन आधी सगळीकडे निरोप पाठवायचे, लाइन बंद करायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘शिकाऊ विश्रांती, पाच मिनिटं’. दुसऱ्या लाइनवरचे लोक जेवायच्या सुट्टीत मला बघायला यायचे. एकाने त्याची बिघडलेली दुचाकी कठड्यापाशी आणून मला नुसता हात लावायला सांगितलं. (लावला. सुरू नाही झाली. तो म्हणाला, दुचाकीला वेळ लागत असेल.) अकरा दिवस, आत्या, रोज आठ-आठ तास, कठड्याला पोट टेकवून मी उभी होते. कंबर गेली ती अशी. शिकणं म्हणशील तर त्या अकरा दिवसांत मी शिकले ते एकच, की डाव्या पायावरचा भार उजव्या पायावर कधी घ्यायचा. पण मला कुठे शुद्ध होती! पूर्ण स्वयंचलित लाइन, लाखमोलाचे सेन्सर, तो राखाडी मेंदू, आणि सगळं कोणाच्या जिवावर चाललंय? माझ्या!

आणि घरी काय झालं ते तर ऐक. पहिल्याच दिवशी मी सहज बोलले की आमची तीन नंबरची लाइन मी असले तरच चालते. बाबांनी पेपर खाली ठेवला. आत्या, पेपर खाली ठेवला! म्हणाले, म्हणजे? मी सगळं सांगितलं, गोलासकट. त्यांनी मला तीन वेळा सांगायला लावलं, आणि झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर माझे सेफ्टीचे बूट पॉलिश करून दारात ठेवलेले, आणि डबा त्यांनी स्वतः भरलेला. (पोळ्या होत्या, भाजी विसरले होते. मी कोरड्या पोळ्या खाल्ल्या आणि अशा पोळ्या आयुष्यात खाल्ल्या नाहीत असं आईला सांगितलं.) मग ते सगळीकडे सांगत सुटले. न्हाव्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांना तर रोज सांगतात. ‘आमच्या मुलीवाचून मशीन हलत नाही हो.’ मी जिन्यात उभी राहून ते वाक्य ऐकलं. बाबांच्या तोंडून माझ्याबद्दल, माझ्या मागे, असं वाक्य. मी खालच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिले, मग नाक पुसून वर गेले.

पंधरा दिवसांनी पॅनलवाल्या बाई परत आल्या. पिवळा गोल पाहिला, गोलातली मी पाहिली, फळ्यावरची शिकाऊ विश्रांती पाहिली आणि म्हणाल्या, ‘हं?’ मग जवळ येऊन हळूच विचारलं, तू इथे शिकायला आली आहेस की उभी राहायला? आमची सहामाही परीक्षा अशी असते की प्रत्येक शिकाऊने एक खरा बिघाड एकट्याने शोधायचा, कारणासकट कागदावर लिहायचा आणि खाली सही करायची. जमलं तर पुढचं वर्ष कंट्रोल रूममध्ये, बाईंच्या शेजारी, प्रोग्रॅम लिहायला. नाही जमलं तर परत सहा महिने तारांना नळ्या घालत बसायचं. बाई म्हणाल्या, तुझा बिघाड हाच. गुरुवारपर्यंत वेळ आहे. मी म्हटलं, बाई, पण यात बिघाड कुठे आहे, मी उभी राहिले की चालतंय ना! त्यावर त्या काहीच म्हणाल्या नाहीत, नुसता हुंकारसुद्धा नाही. मग मात्र माझी पाचावर धारण बसली.

दोन दिवस मी गोलात उभी राहून विचार केला. काही सुचेना. (उभं राहून विचार करायचा तर बाजूला होऊन मशीन बघता येत नाही, बाजूला झालं की मशीन बंद. विचित्रच पेच.) काल सकाळी वरच्या नळीतून पावडर सांडली आणि माझं जाकीट पार माखलं. शिकाऊंना इथे भगवं, चकचकीत पट्ट्यांचं जाकीट घालावंच लागतं, म्हणजे धोका लांबून दिसावा. कायम माणसांना साधे निळे डगले. तुला आठवतंय ना ते जाकीट, गुडघ्यापर्यंत यायचं म्हणून तू खालून कापून, चकचकीत पट्टी उसवून कमरेशी परत शिवून दिलं होतंस? तर ते झटकायला मी काढलं आणि नुसतीच गोलात उभी राहिले. एक, दोन, तीन, भोंगा! आत्या, माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी तिथेच होते! गोलाच्या मधोमध होते! फोरमन धावत आले, मावशींनी तोंडावर हात ठेवला, आणि माझ्या मनात एकच, गेला, माझा हातगुण गेला. गडबडीत मी हातातलं जाकीट कठड्यावर टाकलं आणि लाइन सुरू झाली.

मी नाही, आत्या. जाकीट. अकरा दिवस मला वाटत होतं मशीनला मी लागते. मशीनला लागत होतं माझं जाकीट. ते एकटं कठड्यावर लोंबत होतं आणि लाइन मजेत चालली होती. फोरमन जाकिटाकडे बघत होते, मी फोरमनकडे बघत होते. आणि मग काय झालं माहीत आहे? लाज वाटायच्या ऐवजी माझ्या अंगात वीज भरली! कारण आता माझ्या हातात धागा आला होता. मी जाकीट वर उचललं, बंद. खाली सरकवलं, बंद. पालथं घातलं, बंद. परत नेमकं तिथेच ठेवलं, चालू. म्हणजे जाकीटही नाही, नुसती कमरेची पट्टी, तीसुद्धा एकाच उंचीवर! खांबाची पट्टी त्याच्या उंचीमुळे हातभर वर जाते म्हणून त्याला जमत नव्हतं. मी गुडघे टेकून त्या उंचीला डोळा लावला. पट्ट्याच्या पलीकडे बरोब्बर समोर सेन्सरचा लाल ठिपका.

तुला सोपं करून सांगते. तो सेन्सर म्हणजे एक डोळा. तो लाल उजेड पट्ट्याच्या आडवा पलीकडे फेकतो, पलीकडे बिल्ल्याएवढा एक गोल चकचकीत तुकडा बसवलेला असतो, त्याच्यावरून उजेड परत येतो. मधून खोकं गेलं की उजेड तुटतो, डोळा म्हणतो एक खोकं गेलं. पण तीन सेकंद उजेड परत आलाच नाही तर तो समजतो खोकं अडकलं आणि सगळं थांबवतो. (मुद्दामच असं केलेलं असतं, कळेनासं झालं की थांबायचं. माणसांनाही असं बसवून मिळालं तर किती भांडणं वाचतील.) म्हणजे पलीकडचा तो चकचकीत तुकडा काम करत नव्हता, आणि त्याच्या जागी माझी कंबर करत होती. मी कठड्याखाली हात घातला. बोटभर पावडर बसली होती. फुंकली, शिंकले, पुसली. तुकडा जागेवर होता. शाबूत होता. फक्त त्याच्या तोंडावर, अगदी काठापासून काठापर्यंत, नीट, सरळ, एकही सुरकुती न पडू देता, एक लेबल चिकटवलेलं होतं. ‘परावर्तक’. खाली तारीख. खाली माझी आद्याक्षरं.

मी ते सोललं. एका हातात लेबल, दुसऱ्या हातात जाकीट, आणि दहा पावलं मागे गेले, पिवळ्या गोलाच्या पार बाहेर. लाइन चालत राहिली. चालतच राहिली! मी ओरडले, मावशी ओरडल्या, फोरमन तर ओरडतच असतात. आत्या, एखादी गोष्ट का होते ते कळणं म्हणजे काय असतं हे मी तुला लिहून सांगू शकत नाही, तू एकदा ये आणि माझ्याबरोबर शोध! दिवाच लागतो डोक्यात, आणि तो विझत नाही. आणि मग मी रिकाम्या खोक्यावर बसले, आणि पहिला विचार आला तो बाबांचा. असो. तो विषय इथे नको.

कागद लिहिला. बिघाड: तीन नंबर लाइन वारंवार थांबणे. कारण: परावर्तकावर ‘परावर्तक’ असे लेबल. कोणी लावले: खाली सही करणारी. फोरमननी वाचलं, मोठ्याने परत वाचलं आणि मावशींकडे पाणी मागितलं. मग ते हसायला लागले, आणि तीस वर्षांचं हसू एकदम आल्यासारखे हसले. पॅनलवाल्या बाईंनी कागद दोनदा वाचला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘हं.’ साधा ‘हं’, आत्या! सोमवारपासून मी कंट्रोल रूममध्ये!

तर अशी सगळी आनंदीआनंद हकीगत आहे. आज गुरुवार, जेवायच्या सुट्टीत, पॅकिंगच्या टेबलावर हे लिहिते आहे. पत्र खांबाच्या हाती देते, तो उद्या रजेवर गावी येतोय. (फोन केला असता, पण फोनवर तू माझ्या प्रत्येक वाक्याला ‘जेवलीस का’ म्हणतेस, आणि आपला फोन बाबांच्या खुर्चीशेजारी असतो.) काकांना नमस्कार, गुडघ्याला तेल, आणि तुला घट्ट मिठी, कंबर सांभाळून.

तुझीच,
भाची

ता. क. १: जाकीट तू फारच सुरेख शिवलं आहेस. इतकं मापात शिवलं नसतंस तर पट्टी त्या उंचीला आलीच नसती, आणि लाइन पहिल्याच दिवशी पूर्ण बंद पडून बिघाड तासाभरात सापडला असता. म्हणजे या प्रकरणात निम्मा हात तुझा आहे. मी हे कागदावर लिहिलेलं नाही. पण लक्षात असू दे, कारण पुढे एक काम सांगणार आहे.

ता. क. २: काम हे. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. काल तोंड उघडलं होतं, पण ते माझे बूट पुसत बसले होते. मला नाही जमलं. शनिवारी कारखान्यात घरच्या माणसांना बोलावतात, काम दाखवायला. बाबा येणार आहेत, आणि एकटे नाही, पोस्टमास्तर आणि औषधवाले यांना घेऊन. मुलीवाचून मशीन हलत नाही ते दाखवायला. आणि आता ते हलतं, आत्या. माझ्यावाचून छान हलतं. आमच्या धंद्यात आपल्यावाचून मशीन चालायला लागलं की आपलं काम नीट झालं असं समजतात, सगळा खटाटोप त्याचसाठी असतो, पण हे बाबांना कोण समजावणार? मी सांगितलं तर ते चष्मा वर करतील, ‘बरं’ म्हणतील आणि पेपर उचलतील. तो पेपर मला परत बघायचा नाही. तू त्यांची धाकटी बहीण आहेस, तुझं ते ऐकतात. पत्र मिळाल्याबरोबर निघ, रिक्षा कर, टेकत टेकत ये, पण शनिवारच्या आत ये आणि त्यांना समजाव. एवढ्या लांबलचक पत्रात मला एवढंच सांगायचं होतं.

ता. क. ३ (रविवार): खांबाची रजा नामंजूर झाली, त्यामुळे पत्र माझ्याच खिशात राहिलं आणि शनिवार येऊन गेला. वरची विनंती रद्द. काय झालं ते सांगते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले, दोघांना कठड्यापाशी उभं केलं आणि मला म्हणाले, हं, जा गोलात. मी गेले नाही. सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं. लेबल दाखवलं, आद्याक्षरं दाखवली. म्हटलं, बाबा, आता ते माझ्यावाचून चालतं, आणि तसं चालावं म्हणूनच मी इथे शिकते. ते चष्मा वर करून ती पळणारी खोकी मोजायला लागले. पोस्टमास्तर खाकरले. मग बाबांनी विचारलं, तुझ्यावाचून चालतं, ते तू केलंस? मी म्हटलं, हो. म्हणाले, आणि बंद? मी हात लांब करून परावर्तकावर तळवा ठेवला. एक, दोन, तीन. भोंगा वाजला, अख्खी लाइन थांबली, फोरमन बोंब मारत धावत आले, आणि बाबांचा चेहरा असा काही फुलला की मी तो लहानपणापासून एकदाही पाहिला नव्हता. पोस्टमास्तरांकडे वळून म्हणाले, ‘बघितलंत? एका हाताने!’ आत्या, मी तिथेच रडले, हात परावर्तकावर तसाच ठेवून, त्यामुळे लाइन सात मिनिटं बंद राहिली. फोरमननी नोंदवहीत थांबण्याच्या कारणापुढे लिहिलं, ‘शिकाऊ उमेदवाराचे वडील’. बाबांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली आहे आणि आज सकाळी ती फ्रेम करायला टाकली. आता ते गल्लीभर सांगतायत की एवढा मोठा कारखाना आमची मुलगी एका हाताने थांबवते. तू केव्हाही ये, आठ दिवस राहा, पण त्यांना यातलं काही म्हणजे काही समजावू नकोस.